बॅग सगळ्यात शेवटी: बऱ्याच दिवसांच्या बाईक प्रवासासाठी सामानाची व्यवस्था कशी निवडायची

दुसऱ्या दिवशी दुपारी जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. पुढे एक ट्रक धूर सोडत चालला होता, त्याचाच असेल म्हणून मी त्याला ओव्हरटेक केलं. वास काही मागे राहिना. थांबून पाहिलं तर उजव्या सॅडल बॅगेचा तळ सायलेन्सरला चिकटलेला आणि आतल्या थर्मलचा काळा, चकचकीत गोळा झालेला. बॅगेत खोट नव्हती. घरासमोर लावून पाहिली तेव्हा ती आणि सायलेन्सर यांच्यामध्ये चांगली चार बोटं जागा होती. पण तेव्हा ती रिकामी होती. भरल्यावर ती फुगली, खड्ड्यांनी पट्टे ढिले झाले, बॅग खाली ओघळली आणि चार बोटांची जागा दीड दिवसात संपली. बाईकच्या रंगाला ती शोभून दिसत होती, एवढं मात्र खरं. घेतली होती त्याच कारणासाठी.

त्यानंतर माझा क्रम ठरून गेला. आधी बाईकचा हिशेब, मग सामानाचा, मग वजन कुठे बसणार याचा, आणि बॅगेची खरेदी सगळ्यात शेवटी. हा लेखही त्याच क्रमाने जाणार आहे.

बाईक किती ओझं पेलते

बाईकच्या मॅन्युअलमध्ये किंवा चॅसिसवरच्या पट्टीवर कमाल अनुज्ञेय वजनाचा आकडा असतो. त्यातून बाईकचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं ते तुम्ही, मागे बसणारी व्यक्ती, दोघांचे कपडे, रॅक, पेट्या आणि सामान या सगळ्यांसाठी मिळून. हे ‘मिळून’ बहुतेक जण विसरतात.

एक उदाहरण घेऊ. कमाल वजन ३७० किलो, पेट्रोलसकट बाईक १९५ किलो. उरले १७५. तुमचं वजन ७८ धरू. हेल्मेट, जॅकेट, पँट, बूट, हातमोजे यांचे साधारण ८. मागे बसणाऱ्याचे ६० आणि त्याच्या कपड्यांचे ६. झाले १५२. शिल्लक २३ किलो. आता लोखंडी रॅक ५ किलोचा आणि ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या प्रत्येकी ५ किलोच्या लावा. एकही कपडा न भरता १५ किलो गेले. कपडे, हत्यारं, पाणी, चार्जर, औषधं सगळं मिळून आठ किलोंत बसवायचं आहे. याच बाईकवर दोन-दोन किलोंच्या मऊ बॅगा आणि दोन किलोंचे हलके आधारदांडे लावले, तर सामानाला १७ किलो मिळतात. पेट्या की बॅगा हा वाद पुष्कळदा इथेच, वजाबाकीच्या कागदावर, मिटतो.

बाईकचं वजन बघताना तो आकडा पेट्रोल धरून आहे की न धरता, तेवढं तपासा. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं. १५ लिटरची टाकी म्हणजे ११ किलो. आधीच तंग असलेल्या हिशेबात ११ किलो ही किरकोळ गोष्ट नाही.

एकूण मर्यादेशिवाय आणखी दोन मर्यादा असतात: रॅकची आणि पेटीची. त्या बहुधा पेटीच्या झाकणाच्या आत स्टिकरवर किंवा रॅकच्या कागदपत्रांत छापलेल्या असतात. टॉप बॉक्सचा, म्हणजे सीटमागे वर बसणाऱ्या पेटीचा, आकडा वाचून धक्का बसतो. बऱ्याचदा तो अवघा ३ ते ५ किलो असतो. पेटीत ४५ लिटर जागा आहे याचा अर्थ ४५ लिटर वाट्टेल ते भरा असा नाही. कोणताही आकडा बाकीच्यांपेक्षा कमी असेल, तोच पाळायचा.

सामान जमिनीवर मांडा

बॅगेची लिटर क्षमता आधी ठरवली की सामान तेवढं होतंच. रिकामी जागा कुणाला बघवत नाही. म्हणून उलट करा. जे न्यायचं आहे ते सगळं जमिनीवर चादर अंथरून मांडा. नुसती यादी चालणार नाही, वस्तू प्रत्यक्ष मांडा. यादीत ‘जॅकेट’ हा एक शब्द असतो. चादरीवर ते उशीएवढं दिसतं.

तीन दिवस आणि बारा दिवस यांच्या सामानात फारसा फरक नसतो, हे पटायला मला दोन-तीन प्रवास लागले. कपड्यांचे तीन जोड पुरतात: एक अंगावर, एक धुतलेला, एक वाळत असलेला. दिवस वाढले की साबण वाढतो, कपडे नाही. फरक पडतो तो राहण्याच्या पद्धतीने. छताखाली मुक्काम असेल तर एकट्या माणसाचं ३५ ते ५० लिटरमध्ये आरामात भागतं. तंबू, स्लीपिंग बॅग, चूल सोबत असेल तर ६० ते ८० लिटर लागतात. ८० च्या वर गेलात तर चादरीकडे परत जा.

मांडून झालं की चार ढीग करा. पहिला, चालू प्रवासात न उतरता लागणाऱ्या वस्तू: फोन, पाकीट, गॉगल. दुसरा, रस्त्याच्या कडेला दोन मिनिटांत हाताशी यायला हव्यात अशा: रेनकोट, पंक्चर किट, पाणी, प्रथमोपचार. तिसरा, मुक्कामी पोचल्यावरच लागणारं. चौथा, ‘असू दे, लागलं तर’. चौथा ढीग तिथेच सोडून द्यायचा, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता या ढिगांएवढे पुठ्ठ्याचे खोके घ्या, त्यात सामान भरा आणि बाईकवर जिथे बॅगा येतील तिथे दोरीने बांधून बघा. शेजारी हसतील. पण लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून १००० ने भागलं की लिटर मिळतात, आणि सीटवर पाय टाकता येतो की नाही हेही त्याच वेळी कळतं. बॅग घेतल्यावर हे कळण्यापेक्षा पुठ्ठा बरा.

वजन कुठे बसतं

लिटरपेक्षा ही गोष्ट मोठी आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

बाईकच्या दोन चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर धरा. मागच्या चाकाच्या आसाच्या ४२० मिलिमीटर मागे १० किलोचा टॉप बॉक्स बसवला. तरफेच्या नियमाने मागच्या चाकावर १३ किलो येतात आणि पुढच्या चाकावरचे ३ किलो कमी होतात. म्हणजे पेटीने मागचं चाक दाबलंच, वर पुढचं उचललंही. हँडल हलकं लागतं, वळणात बाईक बाहेर जायला बघते, आणि वेगात हँडल किंवा अख्खी बाईक डुलायला लागू शकते. तसं कधी झालंच तर हँडल आवळून धरू नका आणि ब्रेकवर तुटून पडू नका. हात सैल ठेवून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा. नंतर थांबून पेटी रिकामी करायला लागा.

तेच १० किलो मागच्या आसाच्या किंचित पुढे, मागे बसणाऱ्याच्या पायांजवळ बसवले, तर पुढचं चाक जमिनीवर टेकलेलंच राहतं. म्हणून जड वस्तू खाली आणि मध्याकडे, हलक्या वर आणि मागे. डोळ्यांसमोर एक त्रिकोण आणा: दोन टोकं दोन चाकांच्या आसांवर, तिसरं तुमच्या डोक्यावर. सामान या त्रिकोणात जितकं मावेल तितकं बरं. बाहेर काही न्यावंच लागलं तर ती स्लीपिंग बॅग असू दे, हत्यारांची पिशवी नको.

एकट्याने जात असाल तर तुमच्यामागची रिकामी सीट ही बाईकवरची सर्वांत चांगली जागा आहे. तिथे आडवी टाकलेली ३०-४० लिटरची डफल बॅग पाठीला टेका देते, आसाच्या पुढे राहते आणि तिला रॅकही लागत नाही. पहिल्याच प्रवासाला निघालेल्या कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो: ही एक बॅग आणि टाकीवर बसणारी छोटी टँक बॅग घे, एक फेरी करून ये, मग बाकीचं बोलू.

पाठीवरच्या सॅकबद्दल दोन शब्द. पाच तास चालवल्यावर तिचं वजन खांद्यांवर, मानेवर आणि बुडावर येतं. त्यात कॅमेरा किंवा कुलूप असेल तर पडताना तेच मणक्याखाली येतं. पाण्याची पिशवी असलेली छोटी सॅक ठीक. बाकी सामान बाईकने वाहायचं.

कडक पेट्या की मऊ बॅगा

कडक पेट्या दोन जातीच्या: ॲल्युमिनियमच्या आणि प्लास्टिकच्या. दोन्हींना कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही, चहाला थांबलात तर शंभर फुटांवरून नजर ठेवत बसावं लागत नाही. ॲल्युमिनियमची पेटी मुक्कामी स्टूल होते, टेबल होते. बाईक पडली तर ती चेपते, पण हातोडीने ठोकून बहुतेक वेळा पुन्हा बंद होण्याइतकी सरळ करता येते. प्लास्टिक हलकं आणि स्वस्त. बारीकसारीक मार खाऊन पूर्ववत होतं, पण तडकलं की रस्त्यात दुरुस्ती अवघड. ॲल्युमिनियमचा एक त्रास आधी कुणी सांगत नाही: आतला उघडा धातू कंपनांनी सामानावर घासतो आणि कपड्यांवर काळपट भुकटी बसते. आत लायनर बॅग वापरली नाही तर पांढरा शर्ट राखाडी होऊन निघतो.

झाकण कुठे उघडतं तेही बघा. वरून उघडणारी पेटी विहिरीसारखी असते. तळाची वस्तू काढायला सगळं उपसावं लागतं, पण काही सांडत नाही. बाजूने उघडणारी सूटकेससारखी, लावताना सोयीची. पण उतारावर बाईक उभी असताना ती उघडली की चड्ड्या रस्त्यावर. अशी पेटी घेणार असाल तर आतली पिशवी त्याच वेळी घ्या.

रुंदी हा पेट्यांचा खरा दोष. वर्षानुवर्षं आपल्याला सवय असते की हँडल गेलं म्हणजे बाईक गेली. दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या की हँडल जातं आणि मागून ‘धाड’ असा आवाज येतो. बसवलेल्या पेट्यांची एकूण रुंदी टेपने मोजा. ती हँडलच्या रुंदीपेक्षा कमी असेल तर उत्तम, जास्त असेल तर तो आकडा टाकीवर चिकटवून ठेवा. एका बाजूला सायलेन्सर असल्यामुळे त्या बाजूचा रॅक जास्त बाहेर येतो; त्यासाठी आतून खाच दिलेल्या पेट्या मिळतात. त्यांत जागा कमी, पण बाईक आटोपशीर राहते.

मऊ बॅगांचं सगळ्यात मोठं कारण माझ्या दृष्टीने पाय हे आहे. वाळूत, चिखलात, खडीवर तोल सावरताना आपण पाय खाली टेकवतो. बाईक पुढे जात असते, पाय जागच्या जागी राहतो आणि मागून येणारी पेटी पोटरीवर आदळते, कधी पाय पेटीखाली दाबला जातो. मऊ बॅग अशा वेळी दबते. कच्च्या रस्त्याचा भाग मोठा असेल तर मी याच एका मुद्द्यावर मऊ बॅगा घेईन, बाकी फायदे-तोटे काहीही असोत. रस्ता पक्का, मुक्काम गावात आणि सोबत महाग कॅमेरा असेल तर पेट्या घेईन. दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर बाजूला मऊ बॅगा आणि वर छोटा कुलपाचा बॉक्स, ज्यात फक्त हलक्या पण मोलाच्या वस्तू.

मऊ बॅगांचा तोटा उघड आहे: ब्लेड असलेला कुणीही त्या उघडू शकतो. आत तारेची जाळी किंवा भोवती वायर लॉक लावून हात मारणाऱ्याला परावृत्त करता येतं, ठरवून आलेल्याला नाही. त्यामुळे पासपोर्ट, पैसे, कागदपत्रं अंगावर. बाईकवर ती असूच नयेत.

रॅकचं वेगळं सांगायला हवं. तो बाईकच्या सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्याला, बोल्टने जोडलेला असतो आणि सबफ्रेमच्या नळ्या माणूस बसवायला केलेल्या असतात, मागे लांबवर हिंदकळणाऱ्या पेट्यांसाठी नाही. खराब रस्त्यावर जास्त ओझ्याने आधी बोल्ट ढिले होतात, मग वेल्डजवळ चीर जाते. बोल्टला थ्रेड लॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा, आणि बोल्ट व नट दोन्हींवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा. सकाळी नुसती नजर टाकली की रेघ तुटली आहे का ते दिसतं, पाना काढावा लागत नाही.

कापड, शिवण आणि पाणी

बॅगेच्या पट्टीवर ‘१००० डेनियर’ असं काही लिहिलेलं असतं. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. धागा जाड, म्हणून कापड सहसा दणकट. पण पॉलिएस्टरचे १००० आणि नायलॉनचे १००० सारखे नसतात. झिजेला नायलॉन जास्त टिकतं. कॉर्ड्युरा हे अशाच टिकाऊ कापडाचं व्यापारी नाव.

पाण्याचं म्हणाल तर कापड क्वचितच गळतं. गळते ती शिवण आणि गळते ती चेन, म्हणजे झिप. शिवलेल्या बॅगेला सुईने हजार भोकं पाडलेली असतात. खरी जलरोधक बॅग शिवलेली नसते. पीव्हीसी किंवा टीपीयू या प्लास्टिकचा लेप असलेल्या कापडाचे तुकडे उष्णतेने जोडलेले असतात आणि तोंड गुंडाळून बंद होतं. तीन वेळा गुंडाळायचं, दोन नाही. आतली हवा आधी दाबून काढायची. दुकानात अशा बॅगेची परीक्षा सोपी आहे: हवा भरून तोंड गुंडाळा आणि अंगाने दाबा. फुसफुस ऐकू आली तर पाणीही तिथूनच येणार.

बॅग किती पाणी अडवते ते आयपीएक्स या दर्जावरून कळतं: आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे सहन करणारी, आयपीएक्स ६ म्हणजे जोरदार झोत सहन करणारी, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. चालत्या बाईकवरचा पाऊस हा झोतासारखाच असतो, त्यामुळे ४ पुरत नाही. चेनवाल्या बॅगांसोबत जी पावसाळी टोपी येते, ती वाऱ्याने फुगते, उडते आणि तळाशी पाणी साठवते. माझ्या मते ती घरी ठेवून बॅगेच्या आत ड्राय बॅगा, म्हणजे छोट्या जलरोधक पिशव्या, वापराव्यात. वेगवेगळ्या रंगाच्या घेतल्या तर अंधारातही पिवळी म्हणजे कपडे हे लक्षात राहतं.

सायलेन्सरचं पुन्हा एकदा. पीव्हीसी शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं, नायलॉन दोनशेच्या वर वितळतं. सायलेन्सरकडे जाणारा पाईप त्याहून कितीतरी तापतो. म्हणजे कापड कितीही भारी असलं तरी टेकलं की संपलं. बॅग पूर्ण भरून, जोरात खाली ओढूनही पाच-सहा सेंटीमीटर अंतर राहिलं पाहिजे. नाही तर मधे धातूची उष्णतारोधक पट्टी किंवा आधारदांडा हवाच.

टँक बॅग, टेल बॅग, टॉप बॉक्स

टँक बॅग चुंबकाची, पट्ट्यांची किंवा पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या रिंगेवर बसणारी अशी तीन प्रकारची असते. चुंबकाची घेण्याआधी फ्रिजवरचं मॅग्नेट टाकीला लावून बघा. आजकाल बऱ्याच टाक्यांवर प्लास्टिकचं आवरण असतं, काही टाक्या ॲल्युमिनियमच्या असतात. तिथे चुंबक घसरून पडेल. चुंबकाखाली धुळीचा कण राहिला की रंगावर ओरखडे उठतात, आणि चुंबकी पट्टीची कार्डं त्याच्या जवळ ठेवू नयेत. रिंगेची बॅग टाकीला टेकत नाही आणि पेट्रोल भरताना एका हाताने निघते. मला तीच आवडते. मोठी नको: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, बॅग हॉर्नचं बटण दाबत नाही ना. वळणावर आपोआप वाजणारा हॉर्न पहिल्या दिवशी गमतीचा असतो, दुसऱ्या दिवशी नाही.

टेल बॅग, म्हणजे सीटच्या मागच्या टोकावर बांधायची छोटी बॅग, एकट्याच्या छोट्या प्रवासाला पुरते. टॉप बॉक्स हेल्मेट ठेवायला छान. प्रवासात त्यात रेनकोट, हातमोजे, खाऊ.

बांधायचं कसं

टोकांना हुक असलेली लवचीक बंजी कॉर्ड आमच्याकडे कुणी काढली की मी मान वळवतो. निसटलेला हुक थेट डोळ्याच्या दिशेने येतो. शिवाय ती ताणते, म्हणजे खड्ड्यात बॅग उडते आणि हळूहळू सरकते. न ताणणारे, कॅम बकलचे (हाताने ओढून आवळायच्या चिमट्याचे) चपटे पट्टे घ्या. रॅचेटचे (दांडा मागेपुढे करून आवळायचे) पट्टे जास्त आवळले जातात आणि प्लास्टिक किंवा रॅक वाकवतात. त्यांची गरज नाही.

पट्टे चार ठिकाणी अडकवा आणि ती ठिकाणं धातूची असू देत: सबफ्रेम, मागच्या फूटपेगचा ब्रॅकेट, ग्रॅब रेल. इंडिकेटर, मडगार्ड आणि नंबर प्लेट ही बांधायची ठिकाणं नव्हेत. दोन पट्टे बॅग खाली दाबतील, दोन तिला पुढे ओढतील, असे ठेवा. ब्रेक लावताना बॅग पाठीवर येते ते चालतं. वेग घेताना मागे सरकते ते चालत नाही. बांधून झाल्यावर बॅग धरून हलवा. बॅगेसोबत अख्खी बाईक हलली पाहिजे. नुसती बॅग हलली तर पुन्हा बांधा.

पट्ट्याचं उरलेलं टोक हा छोटा वाटणारा पण गंभीर प्रश्न आहे. ते वाऱ्यावर फडफडतं, बाईकच्या चेनमध्ये किंवा चाकात सापडतं, आणि मग मागचं चाक जॅम होऊ शकतं. टोक गुंडाळून वेल्क्रोने बांधा किंवा जास्तीचा भाग कापून जाळून बंद करा. रंगावर जिथे पट्टा घासतो तिथे आधीच पारदर्शक फिल्म लावा, नाही तर धूळ आणि पट्टा मिळून पॉलिश पेपरचं काम करतात.

शेवटी बाईकच्या मागे दहा पावलं जाऊन उभे राहा. टेललाइट, दोन्ही इंडिकेटर आणि नंबर प्लेट दिसते का?

भरताना

माझा एक सोबती दर प्रवासात रेनकोट सगळ्यात तळाशी भरतो. पहिली सर आली की संवाद ठरलेला.

“रेनकोट कुठेय तुझा?”

“आहे ना. खाली आहे.”

मग रस्त्याच्या कडेला अख्खी बॅग पावसात रिकामी होते. रेनकोट बॅगेच्या आत नकोच. बाहेरच्या खिशात किंवा पट्ट्याखाली वेगळ्या पिशवीत ठेवा. ओला झाल्यावरही तो तिथेच जाईल, कोरड्या कपड्यांत नाही.

हत्यारं, ट्यूब, कुलूप अशा जड वस्तू बाजूच्या बॅगांत तळाशी, आतल्या कडेला. सायलेन्सरच्या बाजूची खाचवाली पेटी लहान असते, तर लहान पण जड वस्तू तिच्यात टाका, फुगीर पण हलक्या दुसरीत. दोन्ही बॅगा हातकाट्यावर तोला. एक-दोन किलोंचा फरक चालतो, पाच किलोंचा हँडलला जाणवतो. पंक्चर किट मात्र सगळ्यात खाली गाडू नका.

कंपनांचा विचार करा. सुट्या गोळ्या चार दिवसांत पावडर होतात, बाटल्यांची झाकणं आपोआप सैल होतात, लॅपटॉप पेटीच्या कडेला घासून झिजतो. मोकळी जागा कपड्यांनी घट्ट भरा, काही खुळखुळू देऊ नका. प्रथमोपचाराची पिशवी कुठे आहे ते सोबत्यांना सांगा. ती लागेल तेव्हा शोधणारे तुम्ही नसाल.

भरलेली बाईक ही वेगळी बाईक

मागच्या टायरची हवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पूर्ण ओझ्याच्या आकड्याइतकी करा, टायर थंड असताना. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा. मोजून करायचं असेल तर कुणाला तरी मदतीला घ्या: मागचं चाक हवेत असताना आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा, मग सामान लावून, तुम्ही बसून पुन्हा मोजा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा असावा. १५० मिलिमीटर हालचाल असेल तर ४५ ते ५०. त्यानंतर चेनचा ढिलेपणा तपासा आणि हेडलाइट खाली करा. मागचा भाग बसला की दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

साइड स्टँडची गंमत अशी की बाईक बसली की स्टँड तुलनेने लांब होतो. भरलेली बाईक कमी कलते, जास्त सरळ उभी राहते, आणि थोड्या उतारावर पलीकडे कोसळते. उभी करताना जमीन बघा, गिअरमध्ये ठेवा. मागे उंच बॅग असेल तर नेहमीसारखा पाय मागून फिरवता येणार नाही. फूटपेगवर चढून बसायचं ठरवलंत तर स्टँडवर भार येतो, म्हणून आधी स्टँड तो भार घेतो का ते बघा.

निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण सामान लावून शंभरेक किलोमीटर फिरून या. रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून अंदाज घ्या, यू-टर्न घ्या, थोडा खराब रस्ता शोधा, बाजूचा वारा मिळाला तर तोही अनुभवा. परत आल्यावर सगळे बोल्ट, सगळे पट्टे आणि सायलेन्सरजवळचं कापड हाताने चाचपून बघा. माझी ती रंगाला शोभणारी बॅग अशा एका फेरीत घरीच जळाली असती आणि थर्मल वाचले असते.

प्रवासातही पहिल्या तासाभराने एकदा थांबा. कापड बसतं, हवा निघते, पट्टे ढिले होतात. तेव्हा आवळले की बहुधा दिवसभर बघावं लागत नाही. परतल्यावर रोल-टॉप (तोंड गुंडाळायच्या) बॅगा धुऊन, तोंड उघडं ठेवून वाळवा आणि घड्या न घालता टांगा. घडीवरच लेप आधी फुटतो. आणि सामान कपाटात जाण्याआधी पुन्हा त्याच चादरीवर मांडून, एकदाही न वापरलेल्या वस्तू बाजूला काढा. माझ्या मागच्या फेरीत त्यात एक छत्री निघाली.